बाळंतपणानंतर पोटात साडेतीन बोटांची फट – नाशकात फिजिओ केलेल्या बायांनो, बोला

गोदाकाठची | ९ जुलै, रात्री ११:५२

बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. पोरगी झोपलीये तेवढ्यात उरकायचंय.

मी इंदिरानगरला राहते. दुसरं बाळंतपण होऊन साडेपाच महिने झाले. पहिलं नॉर्मल, दुसरं सिझर. वजन खरं तर बऱ्यापैकी उतरलंय, हात-पाय-तोंड सगळं जागेवर आलंय, पण पोट मात्र पाचव्या महिन्याचं असावं तसंच. सकाळी उठल्यावर जरा बरं असतं, संध्याकाळपर्यंत फुगत जातं. गेल्या आठवड्यात सिटीलिंकच्या बसमधून सीबीएसला जात होते तर एक मावशी उठल्या नि म्हणाल्या, "बस बाई, कितवा महिना?" मी बसले. खोटं कशाला बोलू, कंबर दुखत होती, नि खरं सांगितलं असतं तर त्यांनाच कसंतरी झालं असतं. पण घरी येऊन रडले.

मग पेटून उठून तीस दिवसांचं एक पोट-कमी-करा चॅलेंज सुरू केलं यूट्यूबवर बघून. रोज क्रंचेस (झोपून डोकं-खांदे उचलणं), दोन्ही पाय उचलणं, प्लँक. दहाव्या दिवशी मी उठायला गेले तर नवरा म्हणाला, हे काय गं पोटावर चामरलेण्याचा डोंगर! बघते तर खरंच, बेंबीच्या वर मधोमध लांबुळका उंचवटा, आडवी पडले की गायब. घाबरले ना मी.

सहा आठवड्यांच्या चेकअपला टाके बघितले, बीपी बघितलं, गोळ्या लिहून दिल्या नि "आता वजनाकडे लक्ष द्या" एवढंच सांगितलं होतं. पोटाला कोणी हात लावला नव्हता. आता जावेच्या ओळखीतल्या एका फिजिओने हात लावून सांगितलं की डायस्टॅसिस आहे, बेंबीपाशी साडेतीन बोटं. म्हणजे पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत. बारा आठवडे यावं लागेल म्हणाल्या.

तर विचारायचं हे की याचा खरंच उपयोग होतो का? का शेवटी ऑपरेशनच? पट्टा बांधू का? साबा (सासूबाई) रोज पट्ट्याचं विचारतात. आणि कोणाला झालं असेल तर किती दिवसांत फरक पडला ते सांगा प्लीज.

दोन_पोरांची_आई | १० जुलै, सकाळी ६:२०

अगं सेम टू सेम! मी पाथर्डी फाटा. मला तीन बोटं होती, जुळी झाली होती ना.

होतो उपयोग. पण एक सांगते, पहिल्या दिवशी तुला वाटेल पैसे पाण्यात गेले. मी तयारीने लेगिंग घालून, पाण्याची बाटली घेऊन गेले, आता घाम काढणार म्हणून. आणि बाईंनी मला चाळीस मिनिटं नुसतं श्वास घ्यायला शिकवलं. झोपून. बरगड्यांवर हात ठेवून. श्वास घेताना बरगड्या बाजूला उघडायच्या, सोडताना ओटीपोट आपोआप आत जातंय का बघायचं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, पाचशे रुपये देऊन श्वास घेऊन आले.

पण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शिंक आली नि चड्डी ओली झाली नाही. तेव्हा मला कळलं काहीतरी होतंय. (हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, इथे टोपणनावाने लिहितेय म्हणून.) चार महिन्यांनी दीड बोटावर आलं. कंबरदुखी पूर्ण गेली नाही पण निम्मी झाली.

देवळालीची_आत्या | १० जुलै, दुपारी २:०५

मुलींनो, राग मानू नका पण आमच्या वेळी हे फट-बिट काही ऐकलं नाही. माझी तीन बाळंतपणं माहेरी झाली. दुसऱ्या दिवसापासून जुन्या नऊवारीच्या पट्टीने आई पोट करकचून बांधायची. अंगाला तेल, शेक-शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. सव्वा महिना बाजेवरून खाली उतरू दिलं नाही, पाण्याची कळशी उचलू दिली नाही. आता चौथ्या दिवशी तुम्ही मोबाईल घेऊन बसता नि दहाव्या दिवशी स्कूटी चालवता, मग पोट कसं बसेल?

चहावेडी | १० जुलै, दुपारी २:३१

आत्या, स्कूटीवर तर मी सहाव्या दिवशी बसलेले, डबलसीट, द्वारका सर्कलवरून. बाळाची कावीळ दाखवायला न्यायचं होतं नि घरी दुसरं कोणी नव्हतं. 🙂 माझ्या आईचं पण बांधलं होतं हो सव्वा महिना. तरी तिचं पोट अजून तसंच आहे, फक्त साडीत दिसत नाही नि ती कधी बोलली नाही.

योगसाधक_सिन्नर | १० जुलै, सायंकाळी ७:४४

एवढे पैसे घालवण्यापेक्षा रोज सकाळी १०-१५ मिनिटे कपालभाती आणि नौकासन करावे. आमच्या वर्गात कित्येक महिलांची पोटे आत गेली आहेत. फिजिओ हे हाड मोडल्यावर असते.

दोन_पोरांची_आई | १० जुलै, सायंकाळी ७:५०

दादा, नौकासनातच तर माझा डोंगर सगळ्यात उंच व्हायचा.

सातपूरचा_बाबा | १० जुलै, रात्री १०:१५

बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. बायकोला तीन महिने झालेत, तिलाही असंच दिसतंय पण ती डॉक्टरकडे यायलाच तयार नाही, "सगळ्यांचं असंच असतं" म्हणते. घरी बघता येतं का हे? आणि दुसरं, आमच्या बाळाची बेंबी रडताना लिंबाएवढी बाहेर येते. आईने त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून पट्टी बांधलीये. चालतं का?

फिजिओताई | ११ जुलै, रात्री १२:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशकातच. क्लिनिक सांगणार नाही, विपूतही (खासगी विचारपुशीतही) विचारू नका, धाग्याची जाहिरात व्हायला नको. पण वाचून राहवेना म्हणून लिहितेय, मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

आधी नाणं काढा. आत्ता. तान्ह्या बाळांमध्ये बेंबीचा हर्निया खूप दिसतो आणि बहुतेकांचा चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आपोआप बंद होतो. नाण्याने तो लवकर बंद होत नाही, उलट खालची कातडी ओली राहून चिघळते. पुढच्या लसीकरणाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र ती बेंबी कधी टणक झाली, आत जाईना, लाल-निळी दिसली, बाळ उलट्या करतंय, तर लसीची वाट बघायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटल.

आता पोटाची फट. पोटावर पुढच्या बाजूला दोन उभ्या पट्ट्यांसारखे स्नायू असतात, खाली जांघेच्या मधल्या हाडापासून वर बरगड्यांपर्यंत. त्यांना मधे जोडणारी एक पांढरी उभी पट्टी असते, लिनिया अल्बा. ती स्नायू नाही, चिवट कापडासारखी असते. बाळ वाढतं तशी ही पट्टी रुंद होते, पातळ होते. हे फाटणं नाही, ताणणं आहे, हा फरक नीट समजून घ्या कारण "माझं पोट फाटलंय" म्हणत रडत येणाऱ्या मुली मी दर महिन्याला बघते. शेवटच्या महिन्यांत हे जवळजवळ प्रत्येकीला होतं, जागा कुठून आणणार नाहीतर? नॉर्वेत ३०० पहिलटकरणींचा अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आला, त्यात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षाने साधारण ३३ टक्के बायकांत फट होतीच. म्हणजे सातपूरकरांची मिसेस म्हणते ते अर्धं खरं आहे, पुष्कळ जणींचं असतं. फक्त म्हणून दाखवायचंच नाही हे बरोबर नाही.

त्याच अभ्यासात अजून एक गंमत आहे जी आमच्याच लाइनमधल्या लोकांना आवडत नाही. वर्षानंतर कंबरदुखी फट असलेल्यांना नि नसलेल्यांना सारखीच होती. त्यामुळे कंबरदुखीचं सगळं खापर फटीवर फोडू नका. वाकून दूध पाजणं, एकाच कडेवर पोर घेणं, झोप नसणं, याचाही हिशोब धरा.

घरी कसं बघायचं: उताणं झोपा, गुडघे वाकवलेले. बेंबीच्या वर मधोमध बोटं उभी ठेवा, टोकं पायांकडे. श्वास सोडत फक्त डोकं नि खांद्याचा थोडा भाग उचला. दोन्ही बाजूंनी कडा बोटांना लागतील. मधे किती बोटं मावतात ते बघा, मग बेंबीपाशी, मग बेंबीखाली. दोनाच्या आसपास असेल तर फार विचार करू नका. पण माझ्या दृष्टीने रुंदीइतकंच दुसरं महत्त्वाचं: बोट खाली किती जातं? ताणलेल्या चादरीवर दाबल्यासारखं लागतं, की मऊ कणकेत गेल्यासारखं? तीन बोटांची पण घट्ट पट्टी असलेली बाई मजेत हंडा उचलते, नि दोन बोटांची मऊ पट्टी असलेली शिंकायला घाबरते. बोटं मोजत बसू नका रोज. आठवड्यातून एकदासुद्धा नको, महिन्याने बघा.

बाकीचं उद्या, उद्या सकाळी आठला पेशंट आहे.

गोदाकाठची | ११ जुलै, सकाळी ९:१०

फिजिओताई, तुमचे पाय कुठे आहेत. मी रोज रात्री मोजतेय हो.

सातपूरचा_बाबा | ११ जुलै, सकाळी ९:३२

नाणं काढलं. खाली खरंच लाल झालं होतं. आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, आई म्हणाली "कोण बाई आहे ती?" 😄

फिजिओताई | ११ जुलै, रात्री ११:०५

हां, तर पुढे. (आईंना नमस्कार सांगा.)

पट्टा. आत्यांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. पहिले काही आठवडे, खास करून सिझरनंतर, पोट हलतंय, टाके ओढतायत असं वाटतं, तेव्हा पट्ट्याने आधार वाटतो, खोकताना-उठताना धीर येतो. तेवढ्यापुरता घाला. पण पट्ट्याने फट भरून येते याला नीट पुरावा नाही. आणि करकचून बांधला तर पोटातला दाब कुठे जाणार? खाली. तिथे आधीच नऊ महिने ओझं वाहून दमलेले लघवीच्या जागेभोवतीचे स्नायू आहेत. टूथपेस्टची ट्यूब मधे आवळल्यासारखं. मला विचाराल तर आत्यांच्या काळातला खरा फायदा पट्टीत नव्हता, "कळशी उचलू दिली नाही" या वाक्यात होता. सव्वा महिना विश्रांती, गरम खाणं, दुसऱ्या कोणीतरी पोर धरणं. ते आता कोणाला मिळतं?

सिझरबद्दल एक. पुष्कळ जणींना वाटतं डॉक्टरांनी पोटाचे स्नायू कापले. सहसा नाही कापत. कातडी, चरबी, त्याखालचं चिवट आवरण कापतात आणि ते दोन उभे स्नायू मधून बाजूला सारतात. त्यामुळे "माझे स्नायूच गेले" असं नाही, त्यांना परत कामाला लावायचंय इतकंच. टाके पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून व्रणावर हलक्या हाताने मसाज केला तर तिथली ओढ कमी होते. पुष्कळ बायका स्वतःच्या व्रणाला वर्षभर हातच लावत नाहीत, साबण लावतानाही तिकडे बघत नाहीत. पहिलं सेशन कधीकधी तेवढंच असतं, हात लावायला शिकणं.

आता योगसाधक. तुमच्या वर्गातल्या महिलांची पोटं आत गेली असतील, पण त्यातल्या किती जणी दोन महिन्यांच्या बाळंतिणी होत्या? कपालभातीत दर सेकंदाला पोटाला झटका बसतो. पोटाची भिंत नि खालचे स्नायू सावरल्यावर करा की, माझा विरोध नाही. जखम भरायच्या काळात नको. नौकासनाचं दोन_पोरांची_आई यांनी सांगितलंच.

पण उलट बाजूही ऐका. क्रंचेस म्हणजे विष, एक केला की पोट उसवलं, असंही नेटवर सांगतात. तेही खरं नाही. २०२३ मध्ये नॉर्वेच्याच लोकांनी ७० बायकांवर चाचणी घेतली, बाळंतपणाला सहा ते बारा महिने झालेल्या, फट असलेल्या. बारा आठवडे डोकं-खांदे उचलायचे व्यायाम देऊनसुद्धा फट वाढली नाही, ताकद वाढली. म्हणजे व्यायाम वाईट नाही, वेळ नि पद्धत चुकते. गोदाकाठची, तुमचं पोट त्या दहा दिवसांत काही बिघडलेलं नाही. डोंगर दिसला याचा अर्थ एवढाच की ते वजन अजून झेपत नव्हतं.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आधी व्यायाम देत नाही, तिचा दिवस विचारते. झोपेतून कशी उठतेस? सरळ कंबरेतून ताडकन उठत असेल तर दिवसातून वीस वेळा पोटावर डोंगर येतो, व्यायाम दहाच मिनिटं. म्हणून कुशीवर वळायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन उठायचं. जमिनीवर गादी असेल तर कुशीवर, मग गुडघ्यावर, मग उभं. दूध पाजताना बाळाकडे वाकायचं नाही, उशी घेऊन बाळ वर आणायचं. संडासला कुंथायचं नाही, कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्यायचा, पाणी प्यायचं. आणि कुठलंही जोराचं काम, पोर उचलणं, पीठ मळणं, कुकर उतरवणं, करताना श्वास धरायचा नाही. आधी श्वास सोडायला लागायचं नि मग उचलायचं. ही एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

मग व्यायाम. पोटाच्या सगळ्यात आतला आडवा स्नायू असतो, तोच आपला खरा कंबरपट्टा. कंबरेच्या पुढच्या दोन हाडांच्या किंचित आत बोटं ठेवा, हळू श्वास सोडा, तंग पँटची चेन खालून वर लावतोय असं मनात आणा. बोटांखाली हलकंसं घट्ट झालं पाहिजे. बेंबी जोरात आत ओढणं म्हणजे हे नव्हे, त्यात पुष्कळ जणी श्वास धरतात. त्याच वेळी लघवी अडवल्यासारखं खालून वर उचलायचं. हे जमलं की टाच सरकवणं, मग पूल (उताणं झोपून कंबर वर उचलणं), मग चार पायांवर येऊन एक हात नि उलटा पाय, मग उभ्याने, मग वजन घेऊन. शेवटचं बायका सोडून देतात. अहो, तुमचं पोर दहा किलोचं होणारे, ते उचलायला नुसतं झोपून टाच सरकवून कसं भागेल?

एक जरा डोकं खाजवायला लावणारी गोष्ट: डायान ली आणि पॉल हॉजेस यांनी २०१६ मध्ये दाखवलं की हा आतला स्नायू आवळून डोकं उचललं तर फट नुसतं डोकं उचलण्यापेक्षा थोडी रुंद दिसते, पण मधली पट्टी सुरकुतत नाही, ताठ राहते. म्हणून म्हणते, बोटं मोजू नका.

अंबडची_शिफ्टवाली | १२ जुलै, पहाटे ५:४८

वाखु (वाचनखूण) साठवली. माझी २६ आठवड्यांची सुट्टी पुढच्या महिन्यात संपतेय, अंबडला कंपनीत लाइनवर उभं राहायचं काम आहे, मधेमधे क्रेट उचलावे लागतात. सुपरवायझर बरा आहे पण त्याला हे कसं सांगू? "पोटात फट आहे" म्हटलं तर हसेल.

फिजिओताई | १२ जुलै, दुपारी १:२०

फट म्हणू नका. डॉक्टरांकडून लिहून घ्या, "सहा आठवडे जड वजन उचलू नये". कागद असला की कोणी हसत नाही. नॉर्वेच्या त्या अभ्यासात आठवड्याला वीस किंवा जास्त वेळा जड उचलणाऱ्यांत वर्षाने फट जास्त आढळली होती, तेव्हा मागणं रास्त आहे. आणि या महिनाभरात घरी तयारी सुरू करा, पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनने. कमरेत वाकून नाही, गुडघ्यात बसून, श्वास सोडत. एकदम क्रेटवर जाऊ नका. एका पायावर सगळं वजन टाकून उभं राहायची सवय असते लाइनवर, तीही बघा.

चाळीशीपार | १२ जुलै, रात्री ९:३६

दुसरी बाजू मांडते, कोणी घाबरू नका. माझी फट धाकटा नऊ वर्षांचा झाला तरी पाच बोटं होती. बेंबीचा हर्नियाही होता. मी सहा-सात महिने इमानदारीत फिजिओ केलं, ताकद आली, कंबर सुधारली, पण बेंबीपाशी आतडं डोकवायचं ते डोकवायचंच. हर्निया म्हणजे तिथे खरंच भोक असतं, ते व्यायामाने शिवलं जात नाही. शेवटी ऑपरेशन केलं, हर्नियाबरोबर मधली पट्टीही शिवून घेतली. सर्जननी पहिला प्रश्न विचारला, अजून मूल हवंय का? हवं असेल तर थांबा म्हणाले, नाहीतर परत ताणलं जाणार. आणि ऑपरेशननंतर परत फिजिओ आहेच, त्यातून सुटका नाही! पण आधी ताकद कमावली होती म्हणून लवकर उठले असं मला वाटतं.

आणि सर्जननी बजावलेलं इथे लिहून ठेवते, बेंबीचा गोळा टणक झाला, दुखायला लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर तासभरही थांबायचं नाही.

निफाडची_लेक | १३ जुलै, दुपारी ३:१५

आमच्याकडे फिजिओ कुठला. नाशिकला यायचं म्हणजे पोर घेऊन एसटीने दीड तास, दर आठवड्याला शक्यच नाही. ऑनलाइन चालेल का? नि खरी शिकलेली कोण नि जिमवाली कोण हे कसं ओळखायचं?

फिजिओताई | १३ जुलै, रात्री १०:४८

पहिल्यांदा प्रत्यक्ष या, हात लावूनच कळतं. पुढची सेशन्स व्हिडिओवर करता येतात, तीन-चार आठवड्यांनी एकदा या. सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात फिजिओ विभाग असतो, तिथे खर्च कमी लागतो, रांग मात्र असते.

ओळखायचं असं: बीपीटीएच ही फिजिओथेरपीची डिग्री बघा. आपलं आरोग्य विद्यापीठ म्हसरूळलाच आहे ना, राज्यातल्या बहुतेक फिजिओ कॉलेजांच्या परीक्षा तिथूनच होतात. शिवाय राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बिनधास्त विचारा, खऱ्या माणसाला राग येत नाही. आणि बाळंतपणानंतरचे पेशंट किती बघता हेही विचारा. गुडघ्याचा उत्तम फिजिओ पोटाचा असेलच असं नाही. पहिल्या भेटीत पोटाला हात न लावता मशीन लावून "दहा सेशनचं पॅकेज घ्या" म्हणाला तर पर्स उचला नि निघा.

देवळालीची_आत्या | १४ जुलै, सकाळी ११:३०

फिजिओताई, मी बासष्ट वर्षांची आहे. तुमचं वाचून काल रात्री झोपून बोटं ठेवून बघितली. अडीच बोटं आहे. आणि ते शिंकेचं… आमच्या पिढीत कोणी बोलत नाही. आता काही होतं का या वयात?

फिजिओताई | १४ जुलै, दुपारी १२:०२

होतं, आत्या. पट्टी किती जुळेल सांगत नाही, पण शिंकेचं बहुतेक वेळा सुधारता येतं. याच आठवड्यात कोणाला तरी दाखवा.

चहावेडी | १४ जुलै, दुपारी १२:१०

आत्या ❤️

गोदाकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

धागा वर काढतेय. अपडेट द्यायचं राहिलं होतं, मधे पोरीला ताप, मोठ्याच्या परीक्षा, दिवाळी, सगळं आलं.

बारा आठवडे म्हणाल्या होत्या, मला पंधरा लागले कारण तीन आठवडे बुडाले. खरं सांगते, पहिला महिना मी चिडचिड करत काढला. घरी दहा मिनिटंसुद्धा सलग मिळायची नाहीत, मी चार पायांवर आले की मोठा घोडा-घोडा म्हणून पाठीवर बसायचा. मग फिजिओनेच सुचवलं की वेगळा वेळ काढू नका, पोरीला पाजताना श्वासाचा, चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभ्याने, असं तुकड्या-तुकड्याने करा. ते जमलं.

फट साडेतीनाची दोन झालीये. फक्त दोन! मी अपेक्षेने गेले होते की बंदच होणार, त्यामुळे जरा हिरमुसले. पण बोट आता खाली जात नाही, फिजिओताई म्हणाल्या तसं चादरीसारखं लागतं. उठताना डोंगर येत नाही. दिवाळीत चकलीचा सोऱ्या दाबताना लक्षात आलं की मी आपोआप श्वास सोडतेय. दोन किलो भाजणीच्या चकल्या केल्या नि रात्री कंबरेला शेक घ्यावा लागला नाही. गेल्या रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढले, पोरगी नवऱ्याकडे होती पण उतरताना अर्ध्यात माझ्याकडे.

पोट अजून दिसतं. परवा सिटीलिंकमध्ये पुन्हा एका मुलीने उठून जागा दिली. बसले. पोरगी कडेवर होती, बहुतेक म्हणूनच दिली असेल.

देवळालीची_आत्या | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

शाब्बास. पट्ट्याचं काय केलंस शेवटी?

गोदाकाठची | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मोठा तो कमरेला बांधून मावळा होतो. साबांनीच बांधून दिला. तुमचं काय आत्या?

देवळालीची_आत्या | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:५२

जातेय दर मंगळवारी. हसताना आता भीती वाटत नाही, एवढंच सांगते, बाकी विपूत.

नवीन_आई_म्हसरूळ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळा धागा आज एका बैठकीत वाचला. सिझर होऊन सात आठवडे झालेत. आत्ता झोपून डोकं उचलून बघितलं, चार बोटं आत गेली नि मला खूप रडू येतंय. उद्या काय करू, कुठून सुरुवात करू?

गोदाकाठची | ५ नोव्हेंबर, रात्री १०:४१

सात आठवडे म्हणजे फारच लवकर आहे गं, रडू नकोस, अजून बरंच आपोआप होणारे. उद्या तुझ्या गायनॅकला फोन करून फिजिओ सुरू केलं तर चालेल का एवढंच विचार. आणि आत्ता झोपलेली असशील तर सरळ उठू नकोस, कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने रेटा देऊन उठ. बाकी उद्या लिहिते, पोरगी उठली.